उमेदवार क्रमांक चौदा

माझ्या भावजींसारखा चांगला माणूस शोधून सापडणार नाही, असं सगळे म्हणतात. त्या सगळ्यांनी त्यांच्यासोबत एक आठवडा काढून दाखवावा. माझ्या ताईने एकोणीस वर्षं काढली आहेत. मी दोन गल्ल्या सोडून राहते, पण जेवायला रोज तिच्याकडेच असते, त्यामुळे निम्मी शिक्षा माझीही भोगून झाली आहे.

चांगले म्हणजे किती चांगले? ताईने हौसेने नवे कपडे घालून "कशी दिसते?" विचारलं, तर हे नीट निरखून म्हणणार, "मागच्या वेळचे बरे होते." दुकानदाराने सहाच्या जागी सात बटणं दिली, तर सातवं परत द्यायला हे दोन किलोमीटर चालत जाणार. भाची एकदा शाळेत गेली नाही. गैरहजेरीची चिठ्ठी वडिलांनी लिहायची होती. यांनी लिहिलं, "पोट दुखत असल्याचे तिचे म्हणणे आहे." बाईंनी ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली. पोरगी आठ दिवस वडिलांशी बोलली नाही, आणि हे मात्र विचारत राहिले की त्यात चुकीचं काय होतं.

भावजी एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या भांडारात आहेत. बावीस वर्षं. झोपेची, वेदनेची, जपून द्यायची सगळी औषधं ज्या कपाटात असतात, त्याच्या चाव्या यांच्या कमरेला. घरी आले की चाव्या सोडून ठेवतात आणि तिथे पट्ट्याची एक बाजू ओघळलेली दिसते, इतकी त्या वजनाची सवय. दुसरं काही त्यांना येत नाही आणि दुसरं काही त्यांना करायचंही नाही.

आता माझं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ माझा आहे.

मी माणसं मोजायच्या चाचण्या बनवणाऱ्या एका संस्थेत काम करते. कोणाला किती चिंता वाटते, कोण किती धीराचा, कोणाच्या हाती वाहन द्यावं, हे ठरवायचे कागद आम्ही तयार करतो. लोकांना वाटतं, त्यात काय, चार प्रश्न तर लिहायचे. ते चार प्रश्न लिहायला आम्हाला तीन वर्षं लागतात. एका विधानात दोन गोष्टी आल्या की मोठ्या मॅडमची लाल पेन्सिल फिरलीच. पहिल्याच महिन्यात मी लिहिलं होतं, "मी वेळेवर येतो आणि सगळ्यांशी नीट बोलतो." मॅडम म्हणाल्या, "वेळेवर येऊन सगळ्यांवर खेकसणाऱ्याने यावर काय खूण करायची?" मॅडम स्वतः वेळेवर येऊन सगळ्यांवर खेकसत असत, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

तर भावजींच्या दवाखान्याने आमच्याकडे एक काम दिलं. ज्यांच्या हातात औषधांच्या चाव्या असतात, त्यांच्यासाठी भरवशाची चाचणी हवी. ऐंशी विधानं, प्रत्येकापुढे "हो" किंवा "नाही". पण अशा कागदावर लोक स्वतःला सजवून दाखवतात, हे आम्हाला माहीत असतं. चाव्या जाण्याची भीती असेल तर कोण लिहील की माझा हात जरा हलका आहे? म्हणून ऐंशीत दहा विधानं वेगळी मिसळायची असतात. दिसायला साधी. "मी कामावर कधीही उशिरा पोचलेलो नाही." "मी कुणाच्याही पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोललेलो नाही." "मी कधीही रांग मोडलेली नाही." असल्या गोष्टी प्रत्येकाने केलेल्या असतात. तेव्हा सातापेक्षा जास्त ठिकाणी जो "हो" म्हणेल, तो आपल्याला बनवतोय असं समजायचं आणि त्याचा सगळा कागद बाद करायचा. मॅडमच्या अहवालात या दहा विधानांना लांबलचक नाव होतं. आम्ही आपलं सापळा म्हणायचो.

सापळ्याची विधानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. साठ लिहायची, त्यातली दहा ठेवायची. साठ लिहायला मला दीड दिवस लागला, कारण शोधायला कुठे जावं लागलं नाही. स्वतःकडे बघत गेले आणि लिहीत गेले. मग चारशे माणसांना तो कागद दिला. दोनशे जणांना सांगितलं, खरंखरं लिहा. दोनशे जणांना सांगितलं, समजा तुम्हाला ही नोकरी हवीच आहे, तर जितकं चांगलं दिसता येईल तितकं दिसा. ज्या विधानांवर या दोन गटांची उत्तरं सगळ्यात वेगळी आली, ती दहा ठेवली. खरं लिहिणाऱ्यांमध्ये एकही माणूस पाचाच्या वर गेला नव्हता. मी सातावर रेघ मारली आणि वर दोनची सवलतही दिली, असं मला तेव्हा वाटलं. मॅडमनी पहिल्यांदाच पेन्सिल खाली ठेवून "बरं जमलंय" म्हटलं. मी तो दिवस अजून विसरले नाही.

दवाखान्यातल्या अठरा जणांची चाचणी झाली. कागदांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. मी गुण मोजत बसले होते. चौदा नंबरला दहापैकी नऊ.

मी खुर्चीत मागे रेलून हसले. आजूबाजूच्या सगळ्यांना कागद दाखवला. "हे बघा," मी म्हटलं, "हा आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही, याने कुणाला नावं ठेवली नाहीत, रांग मोडली नाही, दिलेला शब्द मोडला नाही. फक्त एकदा आळस केलाय, तेवढं कबूल करतो. एक गुन्हा कबूल करून नऊ लपवायचे, केवढा बनेल असेल." चहाच्या सुट्टीत चौदा नंबर सगळ्या मजल्यावर फिरला. मी अहवालात लिहिलंसुद्धा, की सापळा कसा काम करतो याचं क्रमांक चौदा हे उत्तम उदाहरण आहे.

चार दिवसांनी ताईकडे जेवायला गेले, तर ताटं अजून मांडलेली नव्हती. भावजी खुर्चीत ताठ बसले होते आणि हातात दवाखान्याचं पत्र. ताईने ते त्यांच्या हातून ओढून मला दिलं. "उमेदवाराने प्रामाणिक उत्तरे न दिल्यामुळे निकाल रद्द. तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी. तेव्हाही निकाल रद्द झाल्यास चाव्या काढून घेऊन धुलाई विभागात बदली."

वर कोपऱ्यात क्रमांक होता. चौदा.

"मी सगळं खरं लिहिलं होतं," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आळसाचंसुद्धा. तापातून उठल्यावर एकदा नऊपर्यंत पडून होतो."

सहा वर्षं ज्याच्या समोर बसून जेवते, तो माणूस मला त्या साठ विधानांच्या वेळी एकदाही आठवला नव्हता. माझ्या डोळ्यासमोर सगळी माणसं होती, हे नव्हते. ह्यांना मी माणसांत धरलंच नव्हतं, असं म्हणावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं की चौदा नंबर माझा भावजी आहे. तेवढी तरी लाज मला होती. मॅडम म्हणाल्या, "मग त्याच्या कागदाला यापुढे हात लावायचा नाही. आणि त्याला काही सांगायचंही नाही. नोकरीला लागताना सही केली आहेस, ठाऊक आहे ना?" सही ठाऊक होती. उमेदवाराला मदत केली तर नोकरी जाते, इतकं साधं लिहिलेलं आहे त्यात.

मी भावजींना म्हटलं, "मी काही सांगत नाही. पण तुम्हाला प्रश्न आठवतच असतील. पुढच्या वेळी चारदोन ठिकाणी 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा."

"पण मी ते केलेलं नाही."

"केलेलं नसलं तरी लिहा."

"म्हणजे खोटं लिहू? खोटं बोलत नाही हे सिद्ध करायला?"

यावर उत्तर ताईकडे होतं. ताई अशा वेळी विचार करत बसत नाही. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "खोटं लिहायचं नाही ना? मग आधी करा. तीन आठवडे आहेत. सगळी माणसं जे काही करतात ते सगळं एकेकदा करून टाका आणि खुशाल खरं लिहा."

भावजींनी दवाखान्याचं पत्र पुन्हा एकदा वाचून काढलं. मग म्हणाले, "हे नियमात बसतं." त्यांनी प्रश्न कोणते होते ते ताईला सांगायला मात्र साफ नकार दिला, कारण चाचणीच्या वर छापलं होतं की प्रश्न बाहेर सांगू नयेत. मग ताईने आपल्या मनाने यादी केली. एकेक पाप मोठ्याने वाचायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी भिंतीकडे बघत होते. पण माझ्या भुवया माझ्या ताब्यात कधीच नव्हत्या, आणि ताईने मला लहानपणापासून पाहिलंय. दहातली आठ तिने बरोबर पकडली. मी एक शब्दही बोलले नाही, आणि मदत केली नाही असंही मला म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला.

पहिलं, उशिरा जाणं. भावजी मुद्दाम पाऊण तास उशिरा निघाले. बस रिकामी मिळाली, सिग्नल सगळे हिरवे, आणि हे फक्त अकरा मिनिटं उशिरा पोचले. पोचल्याबरोबर साहेबांकडे जाऊन त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मांडली आणि वर तो अर्धा दिवस काम केलं. ताईने कपाळावर हात मारून घेतला. मग असं दोनतीनदा केलं. भांडारातले लोक घाबरून विचारायला लागले की घरी सगळं ठीक आहे ना.

दुसरं, कुणाच्या तरी पाठीमागे वाईट बोलणं. समोर एक शिंपीकाका राहतात, जरा मोठ्याने बोलायची सवय आहे त्यांना. ताई म्हणाली, त्यांच्यावर बोला, विषय सोपा आहे. भावजींनी दार लावून घेतलं, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "शिंपीकाकांचा आवाज अंमळ मोठा आहे."

"अहो, हे काय वाईट बोलणं झालं? अजून काहीतरी बोला."

"आणि..." भावजींना घाम फुटला होता. "आणि माझ्या विजारीची उंची त्यांनी एकदा कमी केली होती."

एवढं बोलून ते झोपायला गेले. सकाळी ताई उठून पाहते तर हे समोरच्या दारात उभे. "काका, काल मी तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल वाईट बोललो. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगायला आलो." शिंपीकाकांनी तेव्हापासून आमच्याकडे बघणं सोडलं. ताईचे शिवायला टाकलेले कपडे त्यांच्याकडे अडकले ते महिनाभर अडकले.

रांगेचं तर विचारूच नका. न्हाव्याकडे चार जण बसलेले असताना हे सरळ खुर्चीत जाऊन बसले. चेहरा इतका पांढरा पडला होता की न्हाव्याने पाणी आणलं आणि चौघांनी मिळून त्यांना वारा घातला. चौघेही म्हणाले, तुम्ही आधी करून घ्या, आम्हाला घाई नाही.

रागावणं राहिलं होतं. त्यासाठी संध्याकाळी साडेसातची वेळ ठरली, कारण तेव्हा भाची अभ्यास संपवून मोकळी असायची आणि तिला बघायचं असायचं. भावजी दिवाणखान्यात मधोमध उभे राहायचे आणि ओरडायचे, "हा पडदा असा का लावला?" पहिल्या दिवशी ताईला इतकं हसू आलं की तिला स्वयंपाकघरात जावं लागलं. भाची म्हणाली, "बाबा, रागावताना 'कृपया' म्हणत नाहीत." मग रोज सराव. पाचव्या दिवसापर्यंत आवाज असा लागायला लागला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काठी आपटली. आम्ही खूष झालो. मीसुद्धा. सही केलेली ती मी, तीच तिथे सोफ्यावर बसून सांगत होते की शेवटचा शब्द जरा ओढा.

एक गोष्ट मात्र जमली नाही. शब्द मोडणं. भाचीला आधी सांगितलं तर ते मोडणं होत नाही, आणि न सांगता तिला बाहेर न्यायचं कबूल करून ऐनवेळी न न्यायचं, हे भावजींच्याने होईना. शेवटी त्यांनी तिला तळ्यावर न्यायचं कबूल केलं, आणि आयत्या वेळी आमच्या नकळत घेऊन गेले. दोघं नावेत बसून आले. ताई इतकी चिडली की त्या दिवशी साडेसातला तीच ओरडली.

तीन आठवड्यांनी भावजी चाचणीला गेले. मी दिवसभर ऑफिसात जीव मुठीत धरून बसले होते. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने, जिच्याकडे आता चौदा नंबर दिला होता, मला बघून नुसती मान हलवली. पुन्हा नऊ.

मी धावतच ताईकडे गेले. "अहो, तीन आठवडे आम्ही झक मारली का? उशिरा गेलात ना? शिंपीकाकांवर बोललात ना?"

"हो."

"मग लिहिलं का नाही?"

"ते धरायचं नाही," भावजी शांतपणे म्हणाले. "मी कागद हातात घेतला आणि मला कळलं की त्या सगळ्या गोष्टी मी चाचणीसाठी केल्या होत्या. मनातून एकही नव्हती. त्या मोजल्या असत्या तर तुमच्या मोजमापात खोट आली असती." नंतर ते म्हणाले, "तू तीन वर्षं मेहनत केली आहेस त्यावर."

मी खरंच रडले त्या दिवशी. रागाने की कशाने, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, रेघ चुकली आहे. खरंच असा माणूस असू शकतो."

"एक माणूस म्हणजे पुरावा नाही. तोही तुझ्या घरातला."

"मग बाहेरचा पुरावा आणू. त्याला ओळखणाऱ्या आठ जणांना हीच दहा विधानं त्याच्याबद्दल विचारू. ते काय म्हणतात ते बघू."

मॅडमना हे पटलं. आमच्या कामात हीच खरी कसोटी असते. कागदावर जे येतं ते बाहेरच्या जगाशी जुळतं का, एवढंच शेवटी बघायचं असतं. त्यांनी दवाखान्याकडून आठ नावं मागवली, निम्मी कामावरची, निम्मी घराजवळची. मी मनात नाचत होते. बावीस वर्षं ज्याने लोकांचा जीव नकोसा केला, त्याच्याबद्दल आठ जण काय सांगणार हे मला ठाऊक होतं. आणि मागचे तीन आठवडे? ते माझ्या डोक्यातून साफ गेले होते. इतकी मी हुशार.

आठ कागद आले. मॅडमनी ते माझ्यासमोर एकेक करून वाचले.

भांडारातले दोघे म्हणत होते, उशिरा येतो. शिंपीकाकांनी लिहिलं होतं, "पाठीमागे वाईट बोलतो, आणि वर तोंडावर येऊन सांगतो." न्हावी म्हणाला, रांग मोडतो, पण तब्येत बरी नसावी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी रागाच्या विधानापुढे लिहिलं होतं, "रोज साडेसातला."

मॅडमनी चष्मा काढला. "तुझा सापळा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "माणूस हे सगळं करतो आणि केलं नाही म्हणून लिहितो. याच्यापेक्षा चांगला पुरावा मला गेल्या वीस वर्षांत मिळाला नव्हता."

पुढच्या सोमवारी भावजींना बोलावलं. शेवटची विचारपूस, आणि मग चाव्या जमा. खोलीत मॅडम, दवाखान्याचे प्रशासन अधिकारी, टेबलाच्या टोकाला मी, कारण विधानं माझी होती आणि खुलासा लागला तर हवा होता. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चाव्यांचा जुडगा त्यांनी आधीच सोडून टेबलावर ठेवला होता, कुणी मागायच्या आधी.

"या आठ जणांनी लिहिलंय ते खरं आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्ही केलं नाही म्हणून का लिहिलं?"

"तो सराव होता."

"कसला सराव?"

भावजींनी सगळं सांगितलं. उशिरा निघण्यापासून पडद्यापर्यंत. अधिकाऱ्यांच्या तोंडाचा आ वासला तो तसाच राहिला. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सराव कशाकशाचा करायचा हे तुम्हाला कळलं कसं?" मॅडमनी विचारलं. "यादी कोणी केली?"

"बायकोने. आपल्या मनाने."

"आपल्या मनाने दहातली आठ?" मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "मी सरळ विचारते. सराव चालू असताना तुमची मेहुणी तिथे होती का? तिला हे माहीत होतं का?"

नोकरी गेली, हे मी त्याच क्षणी समजून चुकले होते. भावजी कुठल्याही कारणाने खोटं बोलतील, असा विचार माझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. सात बटणांपैकी एक परत करणारा माणूस तो.

पण भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, त्यांचे कान लाल झाले, आणि मला दिसलं की हा माणूस मान हलवायला निघालाय. डावीकडून उजवीकडे. तोंड उघडलं आणि "ना" एवढं बाहेर पडलंसुद्धा.

"मी होते, मॅडम," मी म्हटलं. खुर्चीतून उठून उभी राहिले होते, ते नंतर कळलं. "रोज होते. यादी वाचताना ताईने माझं तोंड वाचलं आणि मी ते वाचू दिलं. ओरडायचं कसं तेही मीच शिकवलं. त्यांना काही विचारू नका. आणि ते लोक लिहितायत ना, ते सगळं फक्त तीन आठवड्यांचं आहे. त्याआधीचं विचारा त्यांना. बावीस वर्षांचं विचारा."

मग मॅडमनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात, खेकसूनच, टेबलावरचा फोन मागवला, उचलला आणि आठही जणांना एकच प्रश्न विचारला. अलीकडचे तीन आठवडे सोडून, या माणसाने याआधी कधी असं केलं होतं का? एकेक उत्तर त्या कागदावर लिहीत गेल्या. शिंपीकाका फोनवर इतक्या मोठ्याने बोलले की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "कधीच नाही हो. म्हणून तर मला इतकं लागलं."

चाव्या भावजींना परत मिळाल्या. सातावरची माझी रेघ पुसली गेली. आता सातापेक्षा जास्त आले तर कागद बाद करत नाहीत, बाहेर चौकशी करतात, आणि ते वाक्य अहवालात मॅडमनी स्वतः घातलं. मला काढून टाकलं नाही, पण विधानं लिहायचं काम माझ्याकडून गेलं. आता मी छापून आलेले कागद मोजून पाकिटांत भरते. मॅडम म्हणाल्या, दोन वर्षांनी बघू. सही माझीच होती. दुःख झालं नाही असं नाही, खूप झालं. चौदा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं जिना उतरत होतो. चाव्या पुन्हा त्यांच्या कमरेला वाजत होत्या. मधल्या वळणावर भावजी थांबले.

"मी 'नाही' म्हणणार होतो," ते म्हणाले.

"कळलं होतं मला."

"अर्धं म्हटलंही होतं."

"जाऊ द्या हो, भावजी. बोलून झालं नव्हतं. मीच मध्ये पडले. ते काही खोटं बोलणं होत नाही." मी माझ्या धंद्यातल्या माणसासारखं ठामपणे सांगितलं, आता त्या धंद्यात मी नव्हते तरी. "ते धरायचं नाही."

त्यांनी मान हलवली, या वेळी नीट, डावीकडून उजवीकडे.

"बाकीच्या नको धरू," ते म्हणाले. "उशिराची, शिंपीकाकांची, पडद्याची, त्या सगळ्या सोड. पण ही गोष्ट मनातून होती. पुन्हा कधी कुणी विचारलं, तर ही एक मी लिहिणार आहे."